कुंपणातला म्हसोबा

संस्था वसाहत
शुक्रवार, २७ जून २०२५

ती. भाऊंच्या चरणी योगराजचा नमस्कार.

परवा आवस होती. सकाळी ड्यूटीच्या आधी मी नेहमीसारखी तेलाची लहान बाटली आणि कापसाची वात घेऊन आपल्या म्हसोबाकडे निघालो. गेटवर दिलवरसिंग हवालदारानं खिसे चापपले. इतकी वर्षं झाली तरी तो मला चापपल्याशिवाय सोडत नाही, आणि त्यानं सोडूही नये. हसत म्हणाला, "चालनात का काका, देवले तेल पाजाले? मुंग्या वाट देखी राह्यन्यात."

त्याची थट्टा खरी आहे. तुम्ही कुंपणाच्या आत कधी पाऊल ठेवलं नाहीत, म्हणून सांगतो. इथे रॉकेटच्या पोटात भरायचं घट्ट इंधन तयार होतं. त्यामुळे काडेपेटी, विडी, मोबाइल, नायलॉनचा कपडा, यांतलं काही आत जात नाही. इमारतीच्या दाराशी तांब्याची पट्टी असते. तिला उघडा हात लावायचा, अंगातली वीज जमिनीत जाऊ द्यायची, मगच आत शिरायचं. मी ती पट्टी देवळाच्या पायरीसारखी शिवतो. नियम आणि नमस्कार एकाच हातानं होतात. आपलं वावर कुंपणात गेलं तेव्हा आपला म्हसोबा याच भागात आला, म्हणून दर आवसेला मी दिवा घासतो, तेल भरतो, वात ठेवतो, हात जोडतो. पेटवत मात्र नाही. दुपारपर्यंत तेलाला मुंग्या लागतात.

परवा गेलो तर म्हसोबाच्या पायरीवरून चुन्याची फक्की गेलेली. दोन्हीकडे लाल खुंट्या. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. दिवा भरायचं राहून गेलं, ते दुपारी जेवणाच्या सुटीत जाऊन भरलं.

सुरक्षा विभागाच्या मॅडमनी नंतर बोलावून घेतलं. चाचणीचा नवा ओटा होणार आहे. ओटा म्हणजे जिथे तयार मोटर, म्हणजे इंधन भरलेलं रॉकेटचं नळकांडं, जमिनीला बांधून पेटवून पाहतात ती जागा. तिच्या आगीचं तोंड म्हसोबाच्या दिशेला येतं. श्रावण लागायच्या आत चुन्याच्या आतलं सगळं मोकळं करायचं आहे. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "योगराजभाऊ, मशीन लावून तो दगड मी उचलू देणार नाही. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा. तुमची रीत असेल तसा न्या."

आपली रीत तुम्हाला माहीत आहे. थोरल्यानं पायरीवर पाणी सोडून "चाल बा" म्हटल्याशिवाय म्हसोबा जागा सोडत नाही. आबांनी तो मान तुम्हाला दिला. माझा तो अधिकार नाही.

तर भाऊ, एक दिवस या. सकाळची चोपडा गाडी धरली तर दुपारी परत फैजपूर गाठता येईल. पास मी काढून ठेवतो. माझ्याशी बोलू नका, चालेल. पाणी सोडा, दोन शब्द देवाशी बोला, आणि जिथे न्यायचा तिथे घेऊन जा.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र लिहिलं. सुनिता बरी आहे, तिचा गुडघा पावसाळ्यात दुखतो तेवढंच. केळीला वाऱ्यानं काही केलं नाही ना? परवा तुमच्याकडे जोराचं वादळ होतं म्हणतात.

कुंदनविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. तो विषय राहू दे.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
योगराज


संस्था वसाहत
रविवार, १३ जुलै २०२५

ती. भाऊंना योगराजचा नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. बेबावहिनींनी सुनिताला फोनवर सांगितलं ते कळलं. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, देवघराच्या फळीवर ठेवलंत, आणि जेवताना एवढंच म्हणालात, "देव त्यानी वावरसंगे इकी टाका. आते माले कसाले बलावस?"

भाऊ, वावर मी विकलं नाही. ते सरकारनं घेतलं, आणि साऱ्या गावाचं घेतलं. तुम्ही आलेल्या पैशांतून फैजपूरकडे मळा घेतला, केळी लावली. मी जमिनीच्या बदल्यातली नोकरी घेतली. यात देव कोणी विकला नाही. तो तिथेच राहिला, आणि आपल्या घरातलं एक माणूस त्याच्याजवळ राहिलं, एवढंच मी मानत आलो.

माझं काम काय, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सांगतो. इंधनाचा लगदा कणकेसारखा घट्ट असतो, राखाडी रंगाचा. तो मोटरच्या नळकांड्यात ओततात. त्याआधी मधोमध चांदणीच्या आकाराचा दांडा उभा केलेला असतो. भट्टीत मंद उष्णतेवर लगदा रबरासारखा जमला, की तो दांडा सावकाश काढून घ्यायचा. मागे राहते ती पोकळी. आग बाहेरून लागत नाही, त्या पोकळीतून लागते आणि आतून बाहेर जळत येते. पोकळी चुकली तर सगळं चुकलं. दांडा निघतो तेव्हा आम्ही जाड भिंतीपलीकडे बसतो. मी मनात नाव घेत असतो.

हे लिहीत बसलो, कारण पुढचं लिहायला हात चालत नाही.

सहा वर्षांपूर्वीची ती सोमवती आवस. कुंदन तेव्हा आमच्याकडे गवत कापणाऱ्या टोळीत लागला होता. इमारतींभोवती वाळलेलं गवत ठेवत नाहीत, ती टोळी ते काढते. रविवारी तो तुमच्याकडे गेला होता आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं थेट कामावर आला. त्याच्याजवळ विडीसाठी आणलेली काडेपेटी सापडली, ती मी पकडून दिली, आणि त्याचा पास गेला, एवढं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्याला विचारलंत, "विडी पेस का?" तो खाली मान घालून "हा" म्हणाला. माळकऱ्याच्या घरात विडी, म्हणून तुम्ही त्याला दाराबाहेर काढलंत. आणि सख्ख्या पुतण्याला पकडून दिलं, म्हणून मला.

भाऊ, कुंदननं आयुष्यात विडी ओढलेली नाही.

मी त्या सकाळी म्हसोबाकडे गेलो तेव्हा तो पायरीवर बसला होता. दिवा भरलेला होता, वात लावलेली होती, आणि पुढ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी सोडून ठेवल्या होत्या. वरच्या भाकरीची घडी उलगडून त्यातून तो काडेपेटी काढत होता. मला पाहून त्याचा हात तसाच राहिला. मी काडेपेटीकडे पाहिलंच नाही आधी. मी भाकरीकडे पाहिलं. कडेला अंगठ्याचे ठसे होते, एकसारखे, सगळीकडून. असे ठसे आपल्या घरात एकच माणूस उठवत असे.

मी त्याला काही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. समोरच्या इमारतीत लगदा ओतायचं काम चालू होतं, आत माणसं होती. मी काडेपेटी घेतली, त्याला घेऊन गेटवर आलो आणि ती दिलवरसिंगच्या हातात दिली. तुम्ही म्हणाल, गुपचूप खिशात घालून बाहेर टाकली असतीस तर? नाही भाऊ. जो नियम माझ्या पुतण्यासाठी वाकेल तो उद्या कोणासाठीही वाकेल, आणि मग त्या इमारतीतल्या माणसांच्या घरी कोण जाऊन सांगणार? मी आजही तेच करीन. याबद्दल मी तुमची माफी मागत नाही.

पण गेटवर त्यांनी विचारलं, "कशासाठी आणली?" तेव्हा कुंदन माझ्याकडे बघून म्हणाला, "विडीसाठी." दिवा म्हटलं असतं तर काडेपेटी कोणी दिली, हेही निघालं असतं. पोरानं एका शब्दात सगळं स्वतःवर घेतलं. मी शेजारी उभा होतो.

पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही अंगणातूनच परत पाठवलंत. मी मळ्याच्या वाटेनं निघालो तर माय केळीच्या आडून आली. धाप लागली होती तिला. म्हणाली, "मीच दिन्ही व्हती रे. देवले आंधारामा ठेवाना नही, म्हनीसन दिन्ही." मी म्हणालो, भाऊंना सांगून टाकू, पोराचा घरचा आसरा जातो आहे. तिनं माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "तोतारामले सांगू नको. त्या देवनं नाव काढानं नही, असं तो माले म्हनेल शे. त्याले समजनं ते तो मना हातनी भाकर खावाव नही. मी शे तवलोंग सांगू नको."

ती असेपर्यंत मी सांगितलं नाही. माघात ती गेली. त्यानंतरही इतके महिने मी गप्प राहिलो, कारण तुमच्या मनातली माय जशी आहे तशी राहावी असं वाटत होतं. तिनं तुमच्यापासून काही लपवलं होतं हे तुम्हाला सांगताना मला तिच्याच डोक्यावरचा हात काढून घेतल्यासारखं वाटतं आहे. पण तिच्या आठवणीला जपण्यासाठी जिवंत पोरानं किती दिवस बाहेर राहायचं?

तापीकाठी दहाव्याला कावळा शिवेना, तो दिवस आठवतो ना? तुम्ही म्हणालात, माय, केळीचा पहिला घड देवाला देईन. नाही शिवला. वहिनी म्हणाल्या, कुंदनचं लग्न करू. नाही शिवला. कुंदन मागे, चिंचेखाली एकटा उभा होता. मी मनातल्या मनात म्हणालो, माय, देवाला अंधारात ठेवणार नाही. आणि कावळा उतरला. माझ्या बोलण्यानं उतरला असा माझा दावा नाही. त्याला भूक लागली असेल. पण शब्द तर मी देऊन बसलो.

येत्या रविवारी मी दोंडाईच्याला जातो आहे. कुंदन तिथे मिरचीच्या गोडाऊनवर आहे, हे तुम्हाला वहिनींकडून ठाऊक असेलच.

श्रावणाला फार दिवस राहिले नाहीत. अजूनही या. तुम्ही आलात तर पुढचं काही मला करावं लागणार नाही.

तुमचा मान राखू इच्छिणारा,
योगराज


फैजपूर, तुमच्या मळ्याच्या बांधावरून
गुरुवार, २४ जुलै २०२५, दिव्याची आवस

भाऊ,

आज नमस्कार पत्रातून करत नाही. घर समोर दिसतं आहे, इथूनच हात जोडले.

बेबावहिनी आत्ता बांधापर्यंत येऊन गेल्या. म्हणाल्या, "पडेल शेत खाटवर. जागा शेत, पन उठतस नहीत." मी म्हटलं, जागे असले तरी राहू द्या. मला लिहायला कागद तेवढा द्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची उलटलेली पानं आणून दिली. त्यांच्या मागे लिहितो आहे.

दोंडाईच्याला गेलो होतो. धुळ्याला गाडी बदलून दुपारी पोचलो. गोडाऊनच्या दारातच मला ठसका लागला. कुंदन आतून आला, तोंडाला फडकं बांधलेलं, डोळे लाल. त्या लालीला मिरची कारण होती की मी, ते कळलं नाही. त्यानं मला आधी पाणी दिलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही माले धरी दिन्हं व्हतं."

मी म्हणालो, "हो."

"आते ती काडेपेटी आत आनी ते? आते बी धरी देशात?"

"हो. आताही देईन."

तो इतका हसला की पोत्यांवर बसलेले दोघे-तिघे वळून बघायला लागले. "मांगे जशा व्हतात तशाच शेत तुम्ही."  मग त्यानं विचारलं, "दादाले सांगं का?" मी म्हणालो, सांगितलं, सगळं लिहून पाठवलं. त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. एवढंच. "आजीनं नाव बी?" म्हणाला. मी हो म्हणालो. तेव्हा मात्र तो उठून आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

मी त्याला सांगितलं, म्हसोबाला उठवायचं आहे. तो म्हणाला, मान तर दादांचा आहे. मी म्हणालो, दिव्याच्या आवसेपर्यंत वाट पाहू.

आजपर्यंत पाहिली, भाऊ. सकाळची चोपडा गाडी येऊन गेली. गेटवरून मी त्या गाडीतून उतरणारं एकेक माणूस पाहिलं. तुम्ही नव्हतात.

मग मी आत गेलो. मॅडम आल्या होत्या, त्यांनी बूट बाहेर काढले. दिलवरसिंग आला. कुंदनला आत येता येत नाही, तो गेटबाहेर मित्राची छोटी गाडी घेऊन उभा. मी पायरीवर पाणी सोडलं. शब्द तुमचे होते, म्हणून तुमच्या नावानं बोललो. म्हणालो, "तोतारामकडून सांगतो. चाल बा." 

हात घातला आणि शेंदराचं कवच सुटलं. पणज्यापासून चढत आलेले थर, मोठमोठे पापुद्रे होऊन पायरीवर पडले. मला वाटलं, काहीतरी मोडलं. आतून निघाला तो नदीतला गुळगुळीत काळा दगड, नारळाएवढा. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून मी ज्याला बघत असे तो केवढा थोरला देव होता! दिलवरसिंग वाकून बघत म्हणाला, "काका, इतलासाच व्हता का?" मी म्हणालो, "इतलासाच व्हता."

गेटवर त्याला कागद भरावाच लागतो. आतली कुठलीही वस्तू पासशिवाय बाहेर जात नाही. "काय लिखू?" म्हणाला.  त्यानंच लिहिलं, "दगड, एक नग." सही घेतली, पास फाडून दिला, आणि मग टोपी काढून दगडाला डोकं टेकवलं. शेंदराचं कवच मी पिशवीत भरून घेतलं. येताना तापीत सोडलं.

वाटेत देव माझ्या मांडीवर होता. गार होता.  यावल मागे पडल्यावर कुंदन म्हणाला, "दादा हाकली दिन्हं ते?" मी म्हणालो, "देवाला हाकलणार नाहीत." तो म्हणाला, "मी देवनं नही म्हनी राह्यनू." 

तुमच्या मळ्याच्या वरच्या बांधावर निंब आहे, त्याच्या बुडाशी बसवला. पूर्वेकडे तोंड केलं. वहिनींनी पाणी घातलं, शेंदूर लावला, नवी पणती आणली. जागा आवडली नाही तर तुम्ही बदला. तो अधिकार तुमचाच आहे आणि राहील.

येताना गावात दुकानावर उतरलो होतो. नोकरीला लागल्यापासून मी काडेपेटी विकत घेतलेली नाही. घरीही देवापुढे सुनिताच दिवा लावते. दुकानदारानं "काय देऊ?" विचारलं तर मी नुसतं बोट दाखवलं. खिशात ठेवली तर खिसा जड लागायला लागला, आणि दोनदा हात नकळत तांब्याची पट्टी शोधायला गेला.

तेल भरलं, वात ठेवली. इथपर्यंत माझे हात सवयीचे होते. पुढे मी थांबलो. मग काडेपेटी काढून कुंदनच्या हातात दिली. म्हणालो, "लाव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पहिली काडी वाऱ्यानं गेली. दुसरी ओढली तेव्हा मी दोन्ही तळवे भोवती धरले. वात जरा तडतडली आणि धरली. इतक्या वर्षांनी ज्योतीची ऊब माझ्या हातांना एवढ्या जवळून लागली. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. कुंदन म्हणाला, "आजी, लागना व दिवा."

भाऊ, तुमचा मान मी घेतला. त्याचा राग माझ्यावर धरा, मी तो सोसीन. पोराच्या वाट्याला तो आता देऊ नका.

हे पत्र घेऊन कुंदन तुमच्या दाराशी येतो आहे. मी त्याच्याबरोबर येत नाही. खाटेवरून खिडकी उघडलीत तर निंबाखालचा उजेड तुम्हाला दिसेल. त्याच्याशेजारी मी बसलो आहे, तेल संपेपर्यंत इथेच आहे.

देव उठवून तुमच्या बांधावर आणून बसवलेला,
तुमचा धाकटा
योगराज